सोसायटीच्या नव्या लॅपटॉपवरून मेल जात नाहीत

खजिनदार, अ-२०३ : सर्व सभासदांना नमस्कार. सोसायटीच्या नव्या लॅपटॉपवर काल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आपले ई-मेल खाते सुरू केले. आलेले सर्व मेल व्यवस्थित दिसतात, परंतु पाठवायला गेले की पट्टी अर्ध्यावर थांबते आणि थोड्या वेळाने ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा संदेश येतो. वार्षिक सभा २८ सप्टेंबरला आहे. पूर्ण १४ दिवस आधी नोटीस द्यायची म्हणजे ती १३ तारखेपर्यंत निघायलाच हवी. टोमॅटोच्या हंगामामुळे सध्या पिंपळगावला मुक्काम असलेल्या आणि नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या सभासदांना आपण नोटीस ई-मेलनेच पाठवतो, त्यामुळे मला काळजी वाटते. पासवर्ड चुकला असेल का? हवा असल्यास तो येथे लिहितो.

ब-५०४ : काका, पासवर्ड कृपया ग्रुपवर लिहू नका. मेल येत आहेत, म्हणजे पासवर्ड बरोबरच आहे. मेल येण्याची आणि जाण्याची व्यवस्था पूर्णपणे वेगळी असते. येणारे मेल आयमॅप सर्व्हरकडून, म्हणजे मेल कंपनीच्या संगणकाकडून, ९९३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरचे क्रमांक दिलेले दार) येतात, तर जाणारे एसएमटीपी सर्व्हरकडे सोपवावे लागतात आणि त्याची माहिती स्वतंत्रपणे भरावी लागते. अकाउंट सेटिंग्ज उघडून डाव्या बाजूच्या यादीत अगदी तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे, तेथे काय भरले आहे ते कळवा.

खजिनदार, अ-२०३ : पोर्ट २५. सिक्युरिटी आणि ऑथेंटिकेशन या दोन्ही ठिकाणी ‘नाही’ असे आहे. जुन्या लॅपटॉपवरून वहीत सर्व्हरचे नाव आणि पोर्ट एवढेच उतरवून घेतले होते, तेच भरले. जुन्यावर मात्र काल-परवापर्यंत मेल जात होते.

क-१०१ : अँटिव्हायरस काढून पाहावा, माझ्या मुलाने तसेच केले होते.

ब-५०४ : दादा, अँटिव्हायरस कधी कधी आड येतो हे खरे, पण तो काढणे हा शेवटचा उपाय असावा. येथे कारण समोर दिसते आहे. एसएमटीपीची पद्धत १९८२ सालची आहे आणि २५ क्रमांकाचे पोर्ट हे मुळात एका मेल सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरकडे टपाल देण्यासाठी आहे. पुढे व्हायरस लागलेले घरोघरचे संगणक याच वाटेने स्पॅम पाठवू लागले, म्हणून अनेक ब्रॉडबँड कंपन्यांनी ग्राहकांसाठी ती वाट बंद केली. लॅपटॉपबरोबर आपण कार्यालयाचे इंटरनेट कनेक्शनही बदलले आहे, त्यामुळे जुन्यावर चालत होते ते येथे अडले असावे. काका, पोर्ट ५८७ करा आणि सिक्युरिटीमध्ये ‘स्टार्ट टीएलएस’ निवडा, म्हणजे मेल सर्व्हरपर्यंत कुलूपबंद जातो. ४६५ वापरले तर मात्र ‘एसएसएल/टीएलएस’ निवडावे लागते. या जोड्यांची अदलाबदल झाली तर मेल पुन्हा तसाच अडकतो.

खजिनदार, अ-२०३ : ५८७ केले. आता अजिबात थांबत नाही, लगेच ‘५५० रिलेइंग डिनाइड’ असे येते.

ब-५०४ : हे चांगले लक्षण आहे, काका. मघाशी सर्व्हरपर्यंत आपला आवाजच पोहोचत नव्हता, आता सर्व्हर उत्तर देतो आहे आणि ‘तुम्ही कोण हे सांगितल्याशिवाय तुमचे टपाल बाहेर पाठवणार नाही’ असे म्हणतो आहे. ऑथेंटिकेशनमध्ये ‘नॉर्मल पासवर्ड’ निवडा आणि यूजर नेममध्ये ‘@’च्या पुढच्या भागासह पूर्ण ई-मेल पत्ता लिहा. पाठवताना पासवर्ड विचारला जाईल, तो येणाऱ्या मेलचाच आहे. पहिला मेल नोटिशीचा नको, स्वतःच्या खासगी पत्त्यावर दोन ओळींचा पाठवून पाहा.

खजिनदार, अ-२०३ : गेला! माझ्या मोबाईलवर आलाही. ताई, मनापासून आभार. मात्र नोटिशीसोबतचा ताळेबंद स्कॅन केला आहे आणि ती फाइल २२ एमबीची आहे. चालेल का?

ब-५०४ : अडचण येईल. मेलमध्ये जोडताना फाइलचे रूपांतर होऊन आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे २२ एमबीचे २९ एमबी होतात, आणि मेल पाठवण्याला मर्यादा असते, उदाहरणार्थ जीमेलची २५ एमबी आहे. रंगीत स्कॅनऐवजी कृष्णधवल स्कॅन कमी रिझोल्यूशनवर करा, आकडे तरीही नीट वाचता येतील.

क-१०१ : माझे खाते जीमेलचे आहे. थंडरबर्ड पासवर्ड स्वीकारतच नाही. तेही हेच का?

ब-५०४ : नाही, ते वेगळे आहे. बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड टाकून चालण्याची सोय गूगलने २०२२ मध्ये वैयक्तिक खात्यांसाठी बंद केली. ऑथेंटिकेशनमध्ये ‘ओऑथ२’ निवडा, म्हणजे गूगलचे पान उघडेल आणि तेथेच लॉगिन करता येईल.

खजिनदार, अ-२०३ : ताळेबंद पुन्हा स्कॅन केला, आता ३ एमबी झाला. नोटीस सर्वांना आत्ताच पाठवली आहे. उद्या दुपारपर्यंत ज्यांना मिळणार नाही त्यांनी आधी स्पॅम फोल्डर पाहावे आणि नंतर मला फोन करावा. पोर्ट, सिक्युरिटी, ऑथेंटिकेशन आणि यूजर नेम या चारही गोष्टी या वेळी वहीत लिहून ठेवल्या आहेत. पासवर्ड लिहिलेला नाही.