मदत हवी आहे: विहीणबाईंच्या कला केंद्रात जायचंय (वेल्स). काय नेऊ, कसं बोलू?

नमस्कार मंडळी,

तीन महिन्यांसाठी लेकीकडे वेल्सला आले आहे. स्वान्सीच्या वरच्या अंगाला, जुन्या कोळसाखाणींच्या खोऱ्यातलं गाव. पाऊस आंबोलीची आठवण करून देणारा, फक्त त्याला सुट्टी नाही. लेक आणि तिची जोडीदार, दोघी मुली. रीतसर लग्न केलंय, इथे २०१४ पासून तसं करता येतं. हे मला आणि आमच्या ह्यांना पहिल्यापासून माहीत आहे. कोल्हापुरात बाकी कुणाला नाही. आत्ताच सांगून ठेवते, कारण शेवटी गाडी तिथेच येणार आहे.

विहीणबाई गावातल्या कला केंद्राचं स्वयंपाकघर सांभाळतात. केंद्र म्हणजे एक जुनं चॅपल. बाकं काढून टाकलीत, वरचा लाकडी सज्जा तसाच आहे, आणि जिथून प्रवचन व्हायचं तिथे आता माइक आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी महिन्याभराच्या कार्यक्रमांचा कागद आणून आमच्या फ्रिजवर चिकटवला आणि पेनाने तीन गोल केले. तोंडाने काही बोलल्या नाहीत. गोल केला म्हणजे यायचं.

कागदावर मोठ्या अक्षरांत 'क्रॉयसो इ बाउब', सर्वांचं स्वागत. खाली 'एलएचडीटीसी', म्हणजे एलजीबीटीक्यूचं वेल्श रूप. लेकीने फोड करून सांगितली. त्यातला 'एच' म्हणजे 'होयू', गे. या शब्दाचा मूळ अर्थ म्हणे तरतरीत, उत्साही. मला मात्र दर वेळी आपलं 'होय'च ऐकू येतं.

गोल केलेलं असं: गुरुवारी दुपारी 'पानेड', म्हणजे कपभर चहा आणि गप्पा. शुक्रवारी रात्री 'टुम्पाथ', म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचं, एकजण माइकवरून पावलं सांगत राहतो. त्याआधी जेवण, प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा. आणि शनिवारी शिवण. भिंतीवर लावायला एक मोठी गोधडी करतायत. त्यांच्याकडेही गोधडीची जुनी परंपरा आहे, आत लोकर आणि वर टाक्यांनी काढलेली चक्रं. विहीणबाईंच्या आजीची पाहिली, टाके इतके बारीक की मी चष्मा काढून पुन्हा घातला.

गुरुवारी एकदा जाऊन आले. मला वाटलं होतं सगळी रंगीत केसांची पोरं असतील. निम्म्या बायका माझ्या वयाच्या, हातात विणकाम. विहीणबाई म्हणाल्या, यात नवल काय! १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात लंडनच्या गे-लेस्बियन मंडळींनी बादल्या फिरवून पैसे जमवले आणि शेजारच्या डिलाइस खोऱ्यातल्या खाणकामगारांच्या घरांना पाठवले. संप हरले, पण १९८५ च्या जूनमध्ये लंडनच्या प्राइडला खाणकामगार आपला झेंडा घेऊन मोर्च्याच्या पुढे चालले. विहीणबाई तेव्हा शाळेत होत्या. हे त्या कांदा चिरता चिरता सांगतात, आपल्याकडे भाऊबंदकीचे किस्से सांगतात तसं.

आता अडचणी. शुक्रवारी कोथिंबीरवडी करायचा विचार आहे, साधारण चाळीस माणसं. चालेल ना?

दुसरं, ओळख करून देताना प्रत्येकजण नाव सांगतं आणि स्वतःला काय म्हणायचं तेही सांगतं. एक विशीतलं पोर म्हणालं 'न्हू', इंग्रजीत 'दे', म्हणजे त्याला 'ही'ही म्हणायचं नाही आणि 'शी'ही नाही. मी पुढच्या दहा मिनिटांत तीनदा 'शी' म्हटलं. ते काही बोललं नाही, केकची ताटली पुढे केली. त्यानेच मला जास्त लाजल्यासारखं झालं. लेक म्हणते मराठीत 'ते' असा विचार कर. अगं, पण 'ते' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर थेट सासरे उभे राहतात.

आणि तिसरं, फोटो. केंद्राच्या फेसबुक पानावर दर कार्यक्रमाचे फोटो असतात. धाकट्या जाऊबाई सगळं बघतात, सगळीकडे बघतात. नाचताना माझा फोटो, शेजारी लेक-सून, मागे इंद्रधनुषी पताका, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या भावकीत. विहीणबाईंना हे कसं सांगू? त्यांना वाटायला नको की मला लाज वाटते.

रात्रपाळी: काकू, इथे हॉस्पिटलात नोकरी करतो म्हणून आधी वडीवर बोलतो. इथल्या कायद्यात अ‍ॅलर्जीचे १४ पदार्थ ठरलेले आहेत, हॉटेलवाल्यांना ते सांगावेच लागतात. त्यात शेंगदाणे, तीळ आणि मोहरी तिन्ही आहेत. वडीत दाण्याचं कूट, वरून तीळ, फोडणीत मोहरी. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ग्लुटेनपण आलं. एका वडीत चार! त्यापेक्षा नारळीभात करा. काजू वगळा, तुपाऐवजी तेल घाला, म्हणजे दूध न खाणारेही खातील. नारळ त्या चौदात नाही. आणि काहीही न्या, शेजारी काय-काय घातलंय त्याची चिठ्ठी ठेवा.

कार्डिफची_गल्ली: कागद नीट वाचा, बारीक अक्षरांतलंसुद्धा. बहुतेक कार्यक्रम सगळ्यांना खुले असतात, पण एखादा फक्त ट्रान्स किंवा नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) लोकांसाठी राखलेला असतो. त्याला आपण जायचं नाही आणि रुसायचंही नाही. 'आम दिम' लिहिलं असेल तर फुकट. ऑक्टोबरपर्यंत असाल तर लेकीला घेऊन कार्डिफला या, तिथे २००७ पासून आयरिस प्राइझ हा क्वीअर, म्हणजे एलजीबीटीक्यू सिनेमांचा महोत्सव भरतो. कँटनमधलं चॅप्टर बघा, जुन्या शाळेच्या इमारतीत १९७१ पासून चाललेलं कला केंद्र. आपल्यासारख्या वर्णाच्या क्वीअर लोकांचा ग्लिटर कम्री नावाचा गटही कार्डिफमध्ये आहे. लेकीला माहीत असेलच, नसेल तर सांगा.

आडनाव_नको: 'ते'ला घाबरू नका. 'साहेब आलेत', 'डॉक्टर जेवले नाहीत', माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी, हे आपण दिवसभर करतो. त्या पोराला मनातल्या मनात डॉक्टर करून टाका. वेल्शमध्येही 'ती' आणि 'खी' आहे, आपल्या तू-तुम्हीसारखं, विहीणबाईंना पटकन कळेल. चुकलात तर 'सॉरी, दे' एवढंच म्हणून पुढे बोला. लांबलचक माफी मागत बसलात की त्या पोरालाच तुमची समजूत काढावी लागते.

फोटोचं म्हणाल तर तुमच्यासारखेच तिथे आणखी दोघं-चौघं असणार, ज्यांच्या ऑफिसात किंवा घरी माहीत नाही. सरळ सांगा. तुम्हीही दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पण एक विचारू का, रागावू नका. लेकीला विचारलंत? तिचा फोटो आला तर तिची हरकत आहे का?

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. @आडनाव_नको, रागावले नाही, पण दोन दिवस उत्तर देता आलं नाही. लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, माझे फोटो त्या पानावर चार वर्षं आहेत. काकूने बघायचे तर कधीच बघितले असते." म्हणजे जाऊबाईंना संशय नाही, खात्री आहे, आणि त्या चार वर्षं गप्प आहेत की काय? आता हा वेगळाच किडा डोक्यात शिरलाय. कोल्हापूरला गेल्यावर बघू.

विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी फ्रिजवरचा कागद उलटा केला. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं, फोटो नको असेल त्यांनी दारात पिवळी फीत मागून घ्यावी. मी मागितली. टुम्पाथच्या वेळी मोजलं, माझ्यासकट सात फिती होत्या. त्या 'डॉक्टर'लाही होती. नारळीभात संपला, पातेलं विहीणबाईंनी खरवडलं. गुडघ्याने तिसऱ्या नाचाला हात टेकले.

शनिवारसाठी आता नवा प्रश्न. माझ्याकडे सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचा तुकडा आहे, तो गोधडीत घालायचा आहे. शेजारचे तुकडे लोकरी फ्लॅनेलचे. पहिल्या धुण्यात फ्लॅनेल आटून सुती कापडाला चुण्या पडतील का? फ्लॅनेल आधी भिजवून घ्यावं, की टाके सैल ठेवले तर भागेल?