पोचेटिनो स्वतः डिफेंडर, मग त्याच्या टीम एवढ्या वर जाऊन प्रेस कशा करायच्या?

ऐरोली_सेंटरबॅक:
मंडळी, मी ऐरोलीत संध्याकाळी अंडर-१४ च्या पोरांना शिकवतो. डिफेंडर कोणालाच व्हायचं नसतं, सगळ्यांना नऊ नंबरची जर्सी पाहिजे, म्हणून त्यांना पोचेटिनोचं करिअर सांगायचंय, अर्जेंटिनाचा सेंटर बॅक, पुढे कोच झाला. पण मलाच एक कोडं आहे, सेंटर बॅक म्हणजे मागे थांबून जागा राखणारा, आणि याने कोच केलेली इंग्लंडची साउदॅम्प्टन काय, टॉटनम काय, समोरच्याच्या बॉक्सपर्यंत बॉल हिसकवायला जायची, म्हणजेच प्रेस करायची. हे आलं कुठून?

कोपरीचा_लेफ्टबॅक:
त्याचा कोच बिएल्साकडून, दुसरं कुठून. पोचेटिनो सांता फे प्रांतातल्या मर्फी गावचा. लहान असताना बिएल्सा आणि ग्रिफा, दोघे न्यूवेल्स ओल्ड बॉइज क्लबचे, पोरं शोधत रात्री उशिरा त्याच्या घरी धडकले, पोरगं झोपलेलं, तर त्यांनी नुसते पाय बघून सांगितलं की हा फुटबॉलर होणार. मग न्यूवेल्सकडून खेळला, १९९२ ला बिएल्साच्याच हाताखाली कोपा लिबर्टाडोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेची फायनल, पेनल्टीवर साओ पाउलोकडून हरले. ती टीम बॉल गेला की तिथेच परत मिळवायला धावायची, आणि असं खेळायचं तर मागची लाइन, म्हणजे डिफेंडरांची रांग, हाफवेपर्यंत वर आणावी लागते, पाठीमागे अर्धं मैदान मोकळं. म्हणजे प्रेसिंगमध्ये सगळ्यात मोठी रिस्क सेंटर बॅकच घेतो ना भाऊ! विशीत हे अंगावर घेतलेला माणूस कोच झाल्यावर मागे कशाला बसवेल टीमला?

पामबीच_फुटबॉल:
मला पोचेटिनो म्हटलं की पहिलं साप्पोरो आठवतं. २००२ चा वर्ल्ड कप, याच्या टॅकलवर इंग्लंडचा ओवेन पडला, रेफरी कोलिनाने पेनल्टी दिली, बेकहमने मारली, अर्जेंटिना ०-१, आणि पुढे ग्रुपमधूनच घरी. हेही सांगा पोरांना, कारण डिफेंडरची एक चूक जगभर दिसते आणि तरी करिअर संपत नाही. २००९ च्या जानेवारीत स्पेनची एस्पान्योल खालच्या लीगमध्ये जायच्या बेतात असताना याच्या हातात दिली, त्याआधी मुख्य कोच म्हणून काम केलेलं नव्हतं, तरी महिन्याभरात कॅम्प नोउवर बार्सिलोनाला २-१ हरवलं आणि सीझन दहाव्या नंबरवर संपवला. इंग्लंडमध्ये ट्रॉफी नाही मिळाली हे खरं, २०१९ ची चॅम्पियन्स लीग फायनलही लिव्हरपूलकडून गेली. पण फक्त ट्रॉफ्या मोजणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

कोपरीचा_लेफ्टबॅक:
अगदी. २०१६-१७ चं टॉटनम बघा, ८६ पॉइंट, दुसरा नंबर, आणि गोल खाल्ले फक्त २६, लीगमध्ये सगळ्यात कमी! फुलबॅक वॉकर आणि रोझ दोन्ही बाजूंनी वर, सेंटर बॅक आल्डरवायरेल्ड आणि वेर्टोंगन मागे, गरज पडली की मिडफिल्डमधून डायर त्यांच्यामध्ये. सेंटर बॅकने बांधलेली टीम ती.

ऐरोली_सेंटरबॅक:
२६ चा आकडा फळ्यावर लिहितो उद्याच. पण राव टर्फवर हे शिकवायचं कसं, फाइव्ह-अ-साइडला ऑफसाइडच नसतो, पोरांना लाइन म्हणजे काय हेच माहीत नाही.

कोपरीचा_लेफ्टबॅक:
टर्फवर नाही जमणार, मोठं ग्राउंडच पाहिजे. चार डिफेंडर, समोर पाच अटॅकर, बॉल मागे पास झाला की चौघांनी एकत्र वर यायचं, एक जरी मागे राहिला तर पुन्हा. आवाज सेंटर बॅकने द्यायचा. रविवारी सकाळी ग्राउंड मिळालं तर कळवा, ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडून येतो मी.