पाऱ्याचा थेंब आणि प्रागचे प्रोफेसर

कुणीतरी म्हटलंय की अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीवाले (पदार्थात काय आणि किती आहे ते शोधणारे) फक्त सॅम्पल तपासून आकडे देतात, नोबेल वगैरे दुसऱ्यांना. अहो, यारोस्लाव हेयरोव्स्कींना विसरलात का? प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात प्रोफेसर, १९५९ चं केमिस्ट्रीचं नोबेल, आणि तेही निव्वळ अ‍ॅनालिसिसच्या पद्धतीसाठी!

डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत फिजिक्सचे प्रोफेसर कुचेरा यांनी पाऱ्याच्या पृष्ठताणावर प्रश्न विचारला आणि तिथून हे थेंबांच्या मागे लागले ते लागलेच. केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून टपटपणारा पारा, आधी कितीतरी काळ नुसते थेंब वजन करत बसायचे, मग १९२२ मध्ये वजनाऐवजी तपासायच्या द्रावणात टपटपणाऱ्या थेंबातून वाहणारा करंट मोजला आणि सगळं बदललं. प्रत्येक थेंब नवाकोरा, म्हणजे इलेक्ट्रोड (द्रावणात वीज पोचवणारं टोक, इथे तो थेंबच) कधी खराबच होत नाही, मला तर हे फार सुंदर वाटतं. व्होल्टेज वाढवत करंटचा आलेख काढला की पायरीसारखा वक्र येतो; पायरीची जागा सांगते द्रावणात धातू कोणता, आणि उंची सांगते किती.

पुढे जपानहून आलेल्या शिकाता यांच्यासोबत त्यांनी पोलॅरोग्राफ हे यंत्र बनवलं, त्यात फोटोपेपरवर हा वक्र आपोआप उमटायचा. विषारी म्हणून पारा आता लॅबमधून जवळपास गेलाय, पण पाण्यातलं शिसं, कॅडमियम शोधायची आजची व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज बदलत करंट मोजायची पद्धत) त्याच कामातून आलीये.