मदत हवी आहे: रेल्वेचे शेअर आत्ता घ्यावेत की थांबावं?

नाशिकरोडकर
रेल्वेचे शेअर चांगलेच खाली आलेत. घ्यायचे का? सोमवारच्या आत ठरवायचंय, लवकर सांगा. 'अभ्यास करा' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू.

फलाट_चार
कोणते शेअर? रेल्वे हे सरकारी खातं आहे, ते बाजारात नाही. रेल्वेच्या सरकारी कंपन्यांपैकी आयआरसीटीसी, आयआरएफसी, आरव्हीएनएल, इरकॉन, राइट्स, कॉन्कॉर, की टिटागढसारखी वॅगन बनवणारी खासगी कंपनी? रक्कम किती? किती वर्षांसाठी?

नाशिकरोडकर
सगळे बोलतात तेच हो, आयआरएफसी आणि आरव्हीएनएल. बजेटमध्ये रेल्वेला एवढा पैसा देतात, मग वाढणारच ना?

एसआयपी_मामा
निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, लावा आणि झोपा.

ताळेबंद
मामा, प्रत्येक धाग्यावर तेच!
नाशिकरोडकर, आयआरएफसी म्हणजे रेल्वेची सावकार. बाजारातून पैसा उचलायचा, इंजिनं-डबे घेऊन रेल्वेला भाड्याने द्यायचे, वर ठरलेलं मार्जिन, म्हणजे नफा. गिऱ्हाईक सरकार, त्यामुळे बुडीत कर्जाची चिंता नाही. पण बजेटमधूनच थेट पैसा मिळाला (२०२४-२५ ला २.५२ लाख कोटी) की रेल्वेला यांच्याकडून उचल कमी लागते. तुम्ही ज्या बातमीवर घेताय, ती यांच्या धंद्याला उलटी जाते. पुस्तकी मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते, दर शेअरमागे) किती पट भाव चाललाय ते बघा.
आरव्हीएनएल ठेकेदार आहे. पूर्वी मंत्रालय कामं नेमून द्यायचं, आता निविदा भरून मिळवावी लागतात, म्हणजे मार्जिनला कात्री. ऑर्डर बुकच्या, म्हणजे हातातल्या कामांच्या, आकड्याला भुलू नका. येणी किती थकलीत आणि रोकड खरंच हातात येते का, ते तपासा.

तेजी_भाऊ
आरव्हीएनएल २०१९ ला १९ रुपयांना बाजारात आला, जुलै २०२४ मध्ये सहाशेच्या वर होता. येणी मोजत बसणारे फलाटावरच राहिले.

ताळेबंद
आणि आयआरएफसी २०२१ ला २६ रुपयांना आला, तो पुढे दीड वर्षाहून जास्त काळ बहुतेक त्या भावाच्या खालीच होता. तेव्हा तुम्ही कुठे होता भाऊ?

फलाट_चार
मालक सरकार आहे हेही धरा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीच्या ऑनलाइन तिकिटावरच्या सुविधा शुल्कातला निम्मा वाटा रेल्वेने मागितला, दुसऱ्या दिवशी शेअर आपटला आणि त्याच दिवशी निर्णय मागे. आयआरएफसीत तर आयपीओनंतरही (लोकांना पहिल्यांदा शेअर विकल्यावरही) सरकारचा हिस्सा ८६.३६ टक्के होता. सेबी या बाजार नियामकाचा नियम किमान २५ टक्के जनतेकडे हवेत असा, म्हणजे सरकारी हिस्सा विक्रीला येण्याची टांगती तलवार.

सिन्नरकर
नाशिक-पुणे रेल्वे झाली की यातल्या कुणाला काम मिळेल?

फलाट_चार
ती महारेलने (राज्य सरकार आणि रेल्वेची संयुक्त कंपनी) आखली होती, महारेल शेअर बाजारात नाही. आता खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून शिर्डीमार्गे न्यायचं चाललंय.

सिन्नरकर
शिर्डीला वळसा घालून पुणं? मग आमच्या एसटीने काय पाप केलंय?

कर_सल्ला
वर्षभरानंतर विकल्यास सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकल्यास २० टक्के.

नाशिकरोडकर
कर कुणी विचारलाय? पैसे वडिलांचे आहेत, प्रेसमधून रिटायर झाले त्याचे. दिवाळीनंतर घराच्या कामाला लागणार. तोवर पडून आहेत म्हणून विचारलं.

ताळेबंद
अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायचं! दिवाळीला लागणारे पैसे शेअरमध्ये घालायचेच नाहीत, रेल्वे असो की आणखी काही. बँकेत मुदत ठेव करा.

एसआयपी_मामा
किंवा लिक्विड फंड, म्हणजे अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा.

तेजी_भाऊ
दिवाळीपर्यंत आरव्हीएनएल कुठच्या कुठे जाईल, बघाच.

ताळेबंद
आणि खाली गेला तर घराच्या स्लॅबचे पैसे तुम्ही भरणार का?

नाशिकरोडकर
बरं, वडिलांचे एफडीत टाकतो. माझे स्वतःचे थोडे आहेत, पाच-सात वर्षं लागणार नाहीत. त्यांचं आयआरएफसी की आरव्हीएनएल?

सिन्नरकर
शिर्डीचं नक्की ठरलंय का, की अजून चर्चाच?