व्हेटरन फुटबॉलपटूला काय म्हणावं : मुरब्बी, वस्ताद की नुसताच ज्येष्ठ?

दुधना (जालना) :
दैनिकाच्या क्रीडा पानावर रात्रपाळी करतो. युरोपातल्या फुटबॉलची बातमी येते तेव्हा पान सोडायची घाई असते, आणि एजन्सीच्या कॉपीत 'व्हेटरन' आणि 'मेंटॉर' हे दोन शब्द हटकून एकाच वाक्यात भेटतात. लुका मॉड्रिच २०२५ मध्ये रेआल माद्रिदमधली तेरा वर्षं संपवून एसी मिलानला गेला, तेव्हा आमच्याकडं त्याचा 'वयोवृद्ध मार्गदर्शक खेळाडू' झाला होता. वयोवृद्ध म्हटलं की माणूस पारावर बसलेला दिसतो, आणि हा गडी तर अजून मधल्या फळीत पळतोय.
तर शब्द हवा आहे. वय चाळिशीकडं झुकलेलं, करार खेळाडूचाच, पण क्लबनं ठेवलाय तो निम्मा खेळायला आणि निम्मा पोरांना वळण लावायला. अशा माणसाला मराठीत काय म्हणावं? आणि असा माणूस क्लबनं ठेवावा की नाही, यावरही आमच्या डेस्कवर रोज जुंपते. तेही बोललात तरी चालेल.

बिंदुसरा (बीड) :
आधी नको असलेले शब्द बाजूला काढू. 'माजी' चालणार नाही, तो अजून खेळतोय. 'ज्येष्ठ' लिहिलं की मला एसटीचं अर्धं तिकीट आठवतं. 'वयस्कर' म्हणजे सरळसरळ टोमणा. 'अनुभवी' बरा आहे, पण पंचविशीतला पोरगाही अनुभवी असू शकतो. 'बुजुर्ग' आमच्याकडं सर्रास बोलतात, पण तो गावातल्या तंटा मिटवणाऱ्याला शोभतो. 'जुनाजाणता' मला आवडतो. त्यात वय आहे आणि अक्कलही आहे. शिकवणं मात्र त्यात येत नाही. जुनाजाणता माणूस गप्पही बसू शकतो.

गोदाकाठ (नांदेड) :
दुधना सर, 'मुरब्बी' घ्या आणि मोकळे व्हा.
हा शब्द मराठी पेपर रोज वापरतात, 'मुरब्बी राजकारणी' वगैरे, आणि बहुतेकांना तो 'मुरणे' या क्रियापदावरून आला असं वाटतं. लोणचं मुरतं तसा माणूस मुरला. पण शब्द अरबी आहे, फारसी-उर्दूच्या वाटेनं आपल्याकडं आला. 'तरबियत' म्हणजे संगोपन, वळण लावणं, आणि ती देणारा तो मुरब्बी. उर्दूत आजही मुरब्बी म्हणजे पाठीराखा, पालनकर्ता, बोट धरून वर आणणारा. मराठीत येता येता अर्थ सरकला. वाढवणारा मागं पडला, पोचलेला तेवढा उरला. म्हणजे तुमच्या कॉपीतला मेंटॉर हा या शब्दाचा मूळ अर्थ आणि व्हेटरन हा मराठीतला अर्थ. दोन्ही कामं एकाच शब्दात.
अजून एक गंमत. उर्दूतला 'मुरब्बा', म्हणजे आपला मुरंबा, त्याच धातूचा. मुरब्बी हा वाढवणारा, आणि मुरब्बा म्हणजे ज्याला वाढवलं, पाकात घालून राखलं तो. ठेवावं की नाही या वादाचा निकालही त्यातच आहे. क्लबनं मुरब्बी जरूर ठेवावा, मुरंबा ठेवू नये. शोकेसमध्ये बरणी ठेवल्यासारखे ठेवलेले खेळाडू पुष्कळ असतात. त्यांच्या नावाची जर्सी खपते, तिकिटं खपतात, आणि सरावात पोरांना त्यांचा काडीचा उपयोग नसतो.
मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं उर्दूतला अर्थ आमच्या आजोबांच्या पिढीला सांगावा लागत नव्हता. त्याच हैदराबादचे फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकला. त्यांना मुरब्बी म्हणताना कोणता अर्थ धरायचा हा प्रश्नच पडत नाही.

मांजरा (लातूर) :
गोदाकाठ गुरुजी, शब्द झकास आहे. पण तुम्ही पुस्तकातून बोलायलेत, मी तालमीतून बोलतो. आमच्याकडं या माणसाला एकच शब्द आहे, वस्ताद. उस्तादचाच वस्ताद झाला, तोही उर्दूतूनच आला. पण तो लाल मातीत असा रुजला की पुण्यातल्या तालमीचं नावच 'गोकुळ वस्ताद तालीम' आहे.
त्या तालमीचं उदाहरण घ्या. आमच्या लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार. १९७० ला एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. स्वतःच्या कुस्त्या थांबल्यावर ते या तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली पाटोद्याचा राहुल आवारे गेला, त्यानं २०१८ ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. पाटोदा म्हणजे बीड जिल्हा, बिंदुसरा ताईंच्या भागातलं. बिराजदार मामा तेव्हा हयात नव्हते, पण पोराचा पाया त्यांनीच घातलेला.
आता मुद्दा बगा. मामा वस्ताद झाले ते कुस्त्या सोडल्यावर. वस्ताद पठ्ठ्याला अंगावर घेतो, त्याच्याकडून जोर काढून घेतो, पट कुठं धरायचा ते हातानं दाखवतो, पण जत्रेत त्याच पठ्ठ्याविरुद्ध जोड लावत नाही. लावायची वेळ आली तर? म्हणूनच म्हण आहे की वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. फुटबॉल क्लबातल्या म्हाताऱ्या खेळाडूचं दुखणं नेमकं हेच आहे. ज्या पोराला शिकवायचं तोच उद्या त्याची जागा घेणार. करार वर्षावर आलेला. तो शेवटचा डाव शिकवील काहून?

दुधना (जालना) :
मांजरा भाऊ, हे पटलं, पण याला अपवाद असलेली एक जागा आहे : तिसरा गोलकीपर. स्कॉट कार्सन २०१९ पासून २०२५ पर्यंत मँचेस्टर सिटीत होता. एवढ्या काळात क्लबसाठी तो दोनच सामने खेळला. एक मे २०२१ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध. त्यात पेनल्टी अडवली, पण परतलेल्या चेंडूवर गोल झाला. दुसरा मार्च २०२२ मध्ये स्पोर्टिंगविरुद्ध, तोही बदली म्हणून. इंग्लंडकडून खेळलेला माणूस रोज सरावाला येतो, पहिल्या गोलकीपरला साथ देतो, आणि जागा मिळणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्याला डाव राखायचं कारणच नाही. बुफॉन २०१९ ला युव्हेंटसमध्ये परतला तो श्चेन्स्नीच्या मागचा दुसरा गोलकीपर म्हणून. तिथंही असंच. भांडण मिटलेलं होतं, म्हणून शिकवणं सोपं गेलं असावं.
गोलकीपिंग सोडून बाकीच्या जागांचं काय, हे मात्र मलाही कळत नाही.

पूर्णाकाठ (परभणी) :
सगळे शब्द छान छान काढायलेत, पण एक शब्द कुणी काढला नाही : अडवणूक.
इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये संघाची यादी २५ जणांची. एकवीस वर्षांखालची पोरं त्यात धरत नाहीत, ती वेगळी. म्हणजे मुरब्बी ठेवला की त्या पंचविसातली एक खुर्ची गेली. ती खुर्ची कुणाची जाते? बावीस-तेवीस वर्षांच्या पोराची, ज्याला वयाची सवलत संपलेली असते आणि नाव अजून झालेलं नसतं. त्यालाच तर शिकवायला तुम्ही मुरब्बी आणला होता! त्याला बाहेर उसना पाठवायचा आणि आपण मुरब्बी सांभाळायचा. वर पगार. नाव मोठं असलं की तो उतरत्या वयातही जोरातच असतो.
आपल्या इथलं बघा. सुनील छेत्रीनं जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेतली. मार्च २०२५ मध्ये परत बोलावला, चाळिशी ओलांडलेला. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. त्याचं कौतुकच आहे. पण याला मेंटॉर ठेवणं म्हणतात का? गोल करायला माणूस सापडत नव्हता म्हणून बोलावला. तिकडं आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) क्लब गोल करायची जागा परदेशी खेळाडूला देतात आणि इकडं आपण देशी पोरांना मुरब्बी मिळावा म्हणून गळा काढतो. पोरगा मैदानातच नाही, तर मुरब्बी काय बाकावर बसून शिकवणार?

बिंदुसरा (बीड) :
पूर्णाकाठ, बाकावर बसूनही शिकवतात हो. झ्लाटन इब्राहिमोविच जानेवारी २०२० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, मिलानला परतला. २०२२ मध्ये मिलाननं अकरा वर्षांनी इटलीची लीग जिंकली. त्या मोसमात तो दुखापतीनं बराच काळ बाहेर, आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला बावीस वर्षांचा राफाएल लेआओ. आता याचं श्रेय इब्राहिमोविचला किती द्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी निम्म्याहून कमी देईन, प्रशिक्षक पिओलीही होतेच की. पण एक बघा, तो आला तेव्हा त्याची जागा हिसकावून घेणारं कुणी नव्हतं आणि पोरांना त्याचा धाक होता. 'धाक' हा शब्द मला इथं 'मार्गदर्शन'पेक्षा खरा वाटतो.
शब्दांत 'धुरंधर' राहिला. धुर म्हणजे जू, ते वाहणारा तो धुरंधर. गोऱ्हा पहिल्यांदा औताला धरताना आमच्याकडं जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. कासरा ओढून जे कळत नाही ते शेजारचा बैल नांगराच्या तासात चालतो त्यावरून कळतं. तो काही शिकवत नाही, नीट चालतो एवढंच. पण अट अशी की जू त्याच्याही खांद्यावर पाहिजे. बांधावर उभ्या केलेल्या बैलाकडून गोऱ्हा काय शिकणार?

मांजरा (लातूर) :
ताई, हे बरोबर बोललात. म्हणजे दोन जाती झाल्या. खेळणारा असेल तर जू खांद्यावर पाहिजे, आणि शिकवणारा असेल तर जोडीतून बाजूला पाहिजे. मधला, खेळतही नाही आणि जागाही सोडत नाही, तो गुरुजींचा मुरंबा.

दुधना (जालना) :
आता मला दोन जुन्या बातम्या आठवल्या. मॅन युनायटेडनं २०१३ मध्ये रायन गिग्जला 'खेळाडू-प्रशिक्षक' केलं. पुढं एप्रिल २०१४ मध्ये मॅनेजर मोयेसला काढलं आणि गिग्ज अंतरिम मॅनेजर झाला. मे महिन्यात हलविरुद्धच्या सामन्यात चाळीस वर्षांच्या या मॅनेजरनं स्वतःलाच बदली म्हणून उतरवलं. पण त्याच सामन्यात त्यानं अठरा वर्षांच्या जेम्स विल्सनला पहिल्यांदा खेळवलं आणि पोरानं दोन गोल केले. हे मला फार आवडतं, कारण स्वतः मैदानात उतरण्याआधी त्यानं पोराला उतरवलं होतं.
दुसरी बातमी पेर मेर्टेसाकर या खेळाडूची. आर्सेनलनं २०१७ मध्येच जाहीर केलं की हा शेवटचा मोसम खेळेल आणि २०१८ पासून अकादमी सांभाळेल. मांजरा भाऊ म्हणतात तो राखलेला डाव इथं उरतच नाही, कारण पुढची भाकरी कुठून येणार ते आधीच ठरलंय. पोरगा वर गेला तर आता यालाच शाबासकी. मला विचाराल तर क्लबांनी चाळिशीच्या खेळाडूशी वाढीव वर्षाचा करार करण्यापेक्षा हा असा करार करावा.

पूर्णाकाठ (परभणी) :
असा करार असेल तर माझी हरकत नाही. पण मग पंचविसात नाव घालू नका, सरळ कोचिंगच्या खात्यात घाला. आणि पेपरात 'प्रशिक्षक' छापा, मुरब्बी-बिरब्बी नको.

गोदाकाठ (नांदेड) :
मेर्टेसाकर शेवटचा मोसम खेळत होता तेव्हा काय छापायचं, सर? तो ना धड प्रशिक्षक, ना नुसता खेळाडू. शब्द त्या मधल्या काळासाठीच हवाय. खेळ पूर्ण सुटला की 'वस्ताद', पूर्ण चालू असला की 'धुरंधर', आणि दोन्हीच्या मध्ये 'मुरब्बी'. मुरब्बी फक्त चांगल्या अर्थानं वापरा, नाहीतर त्याचं 'मुरलेला' व्हायला वेळ लागत नाही. मराठीत त्या शब्दाचा वास राजकारणाकडं जातो.

बिंदुसरा (बीड) :
एक अडचण राहिली. वस्तादचं स्त्रीलिंग काय? ब्राझीलच्या मार्टावर कधी लिहावं लागलं तर? २०२५ च्या महिला कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात कोलंबियाविरुद्ध ती एकोणचाळिसाव्या वर्षी बदली म्हणून उतरली आणि भरपाईच्या वेळेत बरोबरी करून दिली. तिला 'वस्तादीण' म्हणणार का?

मांजरा (लातूर) :
तालमीत ऐकलेलं नाही. आता पोरी कुस्ती करायलेत, तर येईल एखादा शब्द.

गोदाकाठ (नांदेड) :
'मुरब्बी' दोन्हीकडं चालतो. मुरब्बी खेळाडू आला, मुरब्बी खेळाडू आली. अनेकवचनातही तोच. रात्री पान सोडताना हाही फायदा धरा.

दुधना (जालना) :
धरला. आजच्या पानात 'मुरब्बी मॉड्रिच' जातोय. शीर्षकात दोन 'म' जुळले, त्यामुळं उपसंपादकही भांडणार नाही.