बेंट्सनची संख्या आणि सातत्य

या धाग्यात वर कुणीतरी म्हटलंय की साडेसहाशेच्या आसपास ओपस (क्रमांक दिलेल्या रचना) लिहिणारा माणूस स्वतःचीच नक्कल करत राहणार. डॅनिश संगीतकार आणि पियानोवादक निल्स विगो बेंट्सनच्या बाबतीत हे मला पटत नाही. सगळंच सारखं उतरलेलं नाही, हे मान्य. पण त्याची चौथी सिंफनी ऐका, १९४९ची, 'मेटामॉर्फोसेस' नावाची. त्यात सुरुवातीचा छोटासा स्वरसमूह पुढे जसाच्या तसा परत येत नाही, तो रूप बदलत बदलत वाढत जातो. हे आवर्तन नव्हे, ही वाढ आहे!

धाग्यात एक गोष्ट राहून गेली. १९६४मध्ये त्याने बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या धर्तीवर पियानोसाठी चोवीस प्रेल्यूड (मोकळ्या, प्रास्ताविक रचना) आणि फ्यूग (एकच सूर एकामागून एक आवाजांत गुंफणाऱ्या, काटेकोर रचना) लिहिले (ओपस १५७), आणि तिथेच न थांबता पुढे असे डझनभर संच केले. मी बाखच्या त्या कृतीचा पहिला भाग आणि बेंट्सनचा हा पहिला संच लागोपाठ ऐकते. बेंट्सनची बोटं जॅझवरही पोसलेली आहेत, तरुणपणी तो जॅझ वाजवायचा, आणि डाव्या हाताचा तो उसळता ठेका कडक फ्यूगमध्येही मला ऐकू येतो. याच माणसाने १९५०मध्ये बारा-स्वर तंत्रावर (सप्तकातले बाराही स्वर समान मानून, ठरवलेल्या क्रमाने वापरण्याची पद्धत) डॅनिशमध्ये पुस्तक लिहिलं होतं. नवख्यांनी आधी १९४५ची पियानो पार्टिटा (अनेक भागांची रचना), ओपस ३८, ऐकावी.