मदत हवी आहे: क्रोम अपडेटनंतर हळदीच्या पट्टीत नव्या ओळींची रक्कम निघत नाही

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोब बघतो. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, आम्ही ब्राउझरमध्येच करतो. एका ओळीत पोती, वजन, दर, रक्कम. माल वेगवेगळ्या दरानं गेला की 'ओळ वाढवा' दाबायचं.

क्रोम अपडेट झाल्यापासून पहिल्या ओळीची रक्कम बरोबर येते, पण वाढवलेल्या ओळींत वजन-दर टाकूनही रकमेचा खाना रिकामाच. एकूण बेरीजही फक्त पहिल्या ओळीची. शेतकऱ्याच्या हातात कमी रकमेची पट्टी जायला नको म्हणून कॅल्क्युलेटरवर करून हातानं भरतोय, पण सौद्याच्या गर्दीत हे धोक्याचं आहे.

कॅशे साफ केली, एक्स्टेन्शन बंद केली, इन्कॉग्निटोत बघितलं, फरक नाही. गोडाऊनमधल्या विंडोज ७ च्या मशीनवर मात्र हाच प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. तिथं क्रोम १०९ आहे.

स्क्रिप्टमध्ये टेबलवर 'डीओएमनोडइन्सर्टेड' लिसनर (इव्हेंट घडला की चालणारा कोड) आहे. नवी ओळ आली की तो तिच्या खान्यांना 'ब्लर' (खाना सोडला की येणारा इव्हेंट) लावतो आणि त्यावर हिशोब होतो. या इव्हेंटचा सपोर्ट काढलाय असा मेसेज कन्सोलमध्ये येतो. त्याच्या जागी काय लिहू? जावास्क्रिप्ट वाचता येतं, लिहायचा सराव नाही.

प्रतिसाद

दादा, कारण तुम्हाला सापडलंच आहे. पानात बदल झाला की कळवणारे हे म्युटेशन इव्हेंट जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ पासून काढून टाकले. पानातल्या प्रत्येक बारीक बदलाला ते हातातलं काम थांबवून चालायचे, त्यानं पान जड व्हायचं. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढं जातच नाही, म्हणून गोडाऊनचं मशीन वाचलं. तरी जुनं क्रोम परत टाकू नका, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत.

पर्याय म्हणून म्युटेशनऑब्झर्व्हर (पानातल्या बदलांवर लक्ष ठेवायची नवी सोय) आहे, पण तुमच्या कामाला त्याचीही गरज नाही. टीबॉडीवर, म्हणजे सगळ्या ओळी ज्यात असतात त्या टेबलच्या भागावर, एकच 'इनपुट' (खान्यात टाइप केलं की येणारा इव्हेंट) लिसनर लावा. इव्हेंटच्या टार्गेटवर (ज्या खान्यात टाइप केलं त्यावर) 'क्लोजेस्ट' वापरून ती टीआर, म्हणजे ओळ, पकडा, तिच्यातलं वजन आणि दर घेऊन रक्कम लिहा, मग एकूण करा. इनपुट इव्हेंट खान्यातून वर टीबॉडीपर्यंत जातो, त्यामुळे ओळ आधीची असो की आत्ता वाढवलेली, चालतं. 'ब्लर' तसा वर जात नाही. खाना सोडल्यावरच हिशोब हवा असेल तर 'फोकसआउट' घ्या, तो वर जातो.

खान्यांना आयडी आहेत का तेही बघा. ओळीची कॉपी होताना तोच आयडी पुन्हा आला, तर 'गेटएलिमेंटबायआयडी' दर वेळी पहिल्याच ओळीचं वजन उचलेल. आयडीऐवजी क्लास द्या.

प्रश्नकर्ता

इनपुट लावलं, नव्या ओळींत रक्कम यायला लागली. फार मोठं काम केलंत! आयडी होतेच, ते बदलले. आता एकच राहिलंय, ओळ काढली की एकूण कमी होत नाही.

प्रतिसाद

ओळ काढताना कुणी काही टाइप करत नाही, म्हणून इनपुट येत नाही. तिथं पूर्वी 'डीओएमनोडरिमूव्ह्ड' असणार, तोही त्याच काढलेल्या इव्हेंटांपैकी. 'ओळ काढा' बटणाच्या क्लिकमध्ये ओळ गेल्यानंतर एकूण करायचं फंक्शन बोलवा. ओळ जायच्या आधी बोलावलंत तर तिची रक्कमही बेरजेत धरली जाईल.